कुणाचं पावणं

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

हाकलून लावलं! पहिल्याच मुक्कामाला!

पेठ वडगावच्या अलीकडं एक मंगल कार्यालय आहे. पुढं हे एवढं मोकळं मैदान. आज लग्न नाही, मुंज नाही, कुत्रंसुद्धा नव्हतं. ह्यांनी गाडी कडेला लावली, मी शेगडीवर चहा ठेवला, तोवर आतनं एक माणूस आला. रामराम झाला. मग विचारलं, पावणं कुणाचं? मी म्हटलं, कुणाचं न्हाई, आमचं आम्हीच. गाडीतच झोपणार, सकाळी निघणार. त्यानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, मग हितं कशाला? कुणाचं तरी असशीला तर सांगा, न्हाईतर घ्या पुढं.

चहा तसाच ओतून दिला. गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ह्यांनी गाडी काढली. ते ठरलेलं आहे — एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सगळी नोकरी मी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. ह्या गाडीला घंटी नाही, म्हणून थाप.

आता हायवेच्या पेट्रोल पंपावर आहोत, ट्रकांच्या रांगेत. पंपवाल्यानं काही विचारलं नाही. पण हॉर्न! आणि डिझेलचा वास. लेक अनुजाला फोनवर गाडीच्या आतलंच दाखवून सांगितलं, जागा मस्त मिळाली. हे नुसते माझ्याकडं बघत राहिले.

४ जानेवारी, शनिवार

डोळे चुरचुरतायत. पंपाचा संडास मात्र स्वच्छ होता. ही लहान गोष्ट नव्हे.

५ जानेवारी, रविवार

आज वारणेच्या काठाला आहोत, एका ढाब्याच्या मागं. जेवलं तर राहू देतो म्हणाला. जेवलो. भाजीत नुसतं तेल. ह्यांना चालत नाही असलं, पण मुक्काम मिळाला ना!

अट काय आहे ती एकदा नीट लिहून ठेवते.

हे म्हणजे आमचे अमरसिंह. शिरोलीच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, ह्यांनी शाळेची जुनी बस घेतली. आतली बाकडी काढून पलंग केला, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली. सगळं स्वतःच्या हातानं. वरनं पांढरा रंग दिलाय, पण जिथं पोपडा निघतो तिथं खालचा पिवळा दिसतो. कन्याकुमारीला जायचं, तेही घाई न करता, हा बेत.

आणि मधेच ह्यांच्या छातीत स्टेंट बसला. मग अनुजा उभी राहिली. आमची एकुलती एक, लग्न होऊन आमच्या कळंब्यातच दोन गल्ल्या पलीकडं असते. म्हणाली, गाडी विका. अबुजरभाई मागतोयच. अबुजर केटरिंगचा धंदा करतो, भांडी न्यायला त्याला अशीच गाडी पाहिजे. माणूस इतका चांगला की त्याच्यावर रागसुद्धा धरता येत नाही. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. तेव्हा अनुजानं अट घातली — आधी महिनाभर आपल्या जिल्ह्यात फिरून दाखवा. रोज संध्याकाळी व्हिडिओवर जागा दाखवायची. कुणाची एक जरी तक्रार आली तर गाडी अबुजरभाईची. गाडीच्या पाठीवर स्वतःचा नंबरही रंगवून घेतला तिनं. अडचण आल्यास संपर्क!

लॉजला ह्यांचा नकार. मग गाडी कशाला घेतली, म्हणतात. तेही खरंच.

आणि माझं म्हणाल तर मला मुक्काम पाहिजे. आमच्या डेपोत बायकांना मुक्कामी गाडीची ड्यूटी देत नसत. संध्याकाळी आपलं घर. पुरुष कंडक्टर सकाळी यायचे आणि सांगत बसायचे — काल अमक्या वाडीत कोंबडं कापलं, तमक्या गावात हुरडा खाल्ला. गाडी गावात थांबली की ड्रायव्हर-कंडक्टर गावाचं पावणं! मी पैसे मोजत ऐकत राहायची. मला एकदा तरी तसं गावाचं पावणं व्हायचं होतं.

७ जानेवारी, मंगळवार

आज माझ्या जिभेनं कमाल केली!

पन्हाळ्याच्या वाटेवरचं एक गाव. देवळापुढं पटांगण, कडेला कट्टा, कट्ट्यावर चारपाच म्हातारे. गाडी थांबली तसा प्रश्न आलाच, पावणं कुणाचं? आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आकारामदादांचं."

का आकाराम, तर आमच्या रूटवर प्रत्येक थांब्याला एक तरी आकाराम चढायचाच. एक म्हातारा म्हणाला, कुठला आकाराम? पैलवान, का चक्कीवाला? मी म्हटलं, चक्कीवाला. तर तो म्हणे कालच लेकीकडं सांगलीला गेलाय, परवाशिवाय येत न्हाई. सोन्याहून पिवळं! मी तोंड पाडून म्हटलं, मग आता कसं? तर तेच म्हणाले, कसं म्हंजे? आकाराम नसला तर गाव न्हाई व्हय? आंब्याखाली लावा की गाडी, उन्हात कशाला!

एका बाईनं घागरभर पाणी आणून दिलं. कुणीतरी दही पाठवलं. अनुजाला आंबा दाखवला, देऊळ दाखवलं. खूश.

मला आज कळलं ते असं. फुकट मुक्कामाला जागा लागत नाही, जागा पडलीय सगळीकडं. माणूस लागतो. आपण कुणाचं आहोत हे एकदा सांगता आलं की मग गाडी कुठंही लावा.

८ जानेवारी, बुधवार

आज पण आकाराम. चालला!

१० जानेवारी, शुक्रवार

आकाराम नसलेलं गाव अजून सापडायचंय. कुठं सरपंच, कुठं मास्तर, कुठं न्हावी.

आज मात्र फजिती. नाव घेतलं तर समोरचा माणूस मान खाली घालून म्हणाला, ते वारलं की गेल्या साली. तुम्हाला कुणी कळवलं न्हाई व्हय? आता काय करणार! मी मटकन खाली बसले. लोकांना वाटलं दुःख झालं. चहा दिला, पाणी दिलं, कसे गेले ते सगळं सांगितलं. मी ऐकलं आणि दोन टिपंही गाळली. त्यांच्या बायकोला भेटून जावा म्हणाले. मी म्हटलं, आता कुठल्या तोंडानं जाऊ? ते तरी खरं बोलले.

गाडी गावाबाहेर आल्यावर हे भडकले. कधी नव्हे ते. "मेलेल्या माणसाचं पावणं व्हतीस? उद्या कुणी आपलं नाव असं घेतलं म्हणजे?" मी म्हटलं, घेऊ देत की, माझं काय जातंय! भांडण झालं. हायवेच्या पंपावर परत.

११ जानेवारी, शनिवार

गुऱ्हाळावर मुक्काम. इथं कुणी कुणाचं पावणं विचारलंच नाही, आधी ताजा गूळ हातावर ठेवला. माझ्याच तोंडाला आकाराम म्हणायची खाज सुटली होती, ती जिरली. हे हसले. भांडण मिटलं. अनुजा म्हणाली, आई, बरं जमतंय की तुम्हाला. गूळ आण.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

आजचं आजच लिहिते.

राधानगरीच्या वाटेनं निघालो होतो. ऊन उतरायला लागलं तसं एक वाडी लागली. दूध संस्थेपुढं ऐसपैस जागा. संध्याकाळचं दूध घालायला माणसं आली होती, किटल्यांचा खणखणाट चालला होता. मी उतरले. संस्थेच्या सेक्रेटरीनं विचारलं, पावणं कुणाचं? मी सवयीनं म्हटलं, आकारामदादांचं.

खणखणाट थांबला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

सेक्रेटरी म्हणाला, आकारामचं? वरल्या आळीच्या? मी म्हटलं, व्हय. त्यानं परत विचारलं, त्याच्याकडं पावणं? कायतरी चुकलंय हे कळलं, पण शब्द तर बाहेर पडला होता. एकजण उठला आणि निरोप द्यायला वर गेलासुद्धा. म्हणजे हा आकाराम गावातच होता!

मी गाडीपाशी आले. ह्यांचा हात चावीवर. थाप मारायला मी हात वर केला. तेवढ्यात वरनं एक म्हातारा माणूस जवळजवळ पळतच आला. पटका अर्धा बांधलेला, अर्धा खांद्यावर. धाप लागलेली. माझ्यापुढं उभा राहिला. मी त्याला जन्मात बघितलेलं नाही, त्यानं मला नाही. आणि सगळ्या संस्थेला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "आलासा व्हय? लई उशीर केलासा!"

मग गाडीच्या पुढं चालायला लागला. हातानं या, या, येऊ द्या करत. ह्यांनी मुकाट गाडी मागनं नेली. थाप मारायची विसरले मी, आणि ह्यांनीही वाट बघितली नाही.

दारात त्याची बायको उभी, बयाबाई. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. जेवायला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोणी. आम्ही खाली मान घालून जेवत होतो. ते दोघं कौतुकानं वाढत होते. एक प्रश्न विचारला नाही, नाव नाही, गाव नाही. उसाचं बोलले, म्हशीचं बोलले. आळीतली माणसं काहीतरी निमित्त काढून दारावरनं जात होती, आत बघत होती. प्रत्येकाला म्हातारा सांगत होता, आमचं पावणं!

गाडी त्यांच्या अंगणात आहे. हे म्हणाले, म्हातारपणी माणसाला ओळख राहत नाही, दुसरंच कुणीतरी समजलाय तो आपल्याला. सांगून टाकू. मी म्हटलं, सकाळी. आज सणाचं राहू दे. मला स्वतःचीच लाज वाटतेय.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळी बयाबाईंनी आंघोळीला पाणी तापवून दिलं. आकारामदादांनी धार काढली. मग ओट्यावर आम्हा दोघांना बसवलं, हातावर तिळगूळ ठेवला. मी बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "आता सांगा. नाव काय म्हणायचं तुमचं?"

मला वाटलं जमीन फाटावी. म्हटलं, म्हणजे तुम्हाला ठावं होतं? आम्ही तुमचं कुणी न्हाई हे? तर म्हणाले, तर! म्हातारा झालोय, येडा न्हाई. पावण्याला आधी नाव इच्यारून जेवाय घालत न्हाईत, म्हणून रातीला इच्यारलं न्हाई.

मग बयाबाई बोलल्या. त्यांचा मुलगा गुंडू कळंब्याच्या जेलमध्ये आहे. भावकीत बांधावरनं भांडण झालं, ह्यानं रागाच्या भरात खोरं मारलं, चुलतभाऊ जागेवर गेला. जन्मठेप. केलं ते वाईटच केलं, असं बयाबाई स्वतः म्हणाल्या. एकदा नव्हे, दोनदा. पण तेव्हापासनं ह्या उंबऱ्याला परका पाय लागला नाही. लग्नाची पत्रिका येत नाही. दूध घालायला गेलं तर माणसं रांगेत मागं सरकून उभी राहतात. बयाबाईंच्या माहेरचंसुद्धा कुणी फिरकलं नाही.

आकारामदादा जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "काल संस्थेवर चारचौघांत कुणीतरी माझं नाव घेतलं. आकारामचं पावणं म्हणून. आणि मी न्हाई म्हणू व्हय?"

मी रडले. अंगणात, सगळ्या आळीदेखत. हे उठून गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिले. बॉनेटला काही झालं नव्हतं.

डोळे पुसून सगळं सांगितलं. इथून तिथून सगळे आकाराम, मेलेला धरून, आणि अनुजाची अटही. म्हातारा हसला, पार खोकला येईपर्यंत हसला. मग नाव सांगितलं. पूर्णिमा, एसटीत कंडक्टर होते. राहायला कळंब्याला. कळंबा म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग बयाबाईंनीच सांगितलं, ते भेटीला कसे जातात. सकाळची एसटी वेळेत पोचत नाही, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी निघायचं. रात्र स्टँडच्या बाकड्यावर. गावात सांगायचं दवाखान्याला चाललोय. मी म्हटलं, आमच्या घरापासनं जेल चालत जाण्याइतकं, आणि तुम्ही बाकड्यावर? पुढच्या खेपेला सरळ आमच्याकडं यायचं. आकारामदादा म्हणाले, बघू की.

निघताना बयाबाईंनी गाडीत तांदूळ घातले. मी दोन थापा मारल्या, पण हलक्या हातानं.

१५ जानेवारी, बुधवार

अनुजाचा फोन. ह्या वेळी व्हिडिओ नाही.

गावच्या पोलीसपाटलानं गाडीच्या पाठीवरचा नंबर बघून तिला फोन केला. माणूस सरळ बोलला म्हणे. ही माणसं कोण, आकारामकडं कशाला उतरली, तो कुणाचा बाप हे त्यांना ठावं हाय का, एवढंच विचारलं. त्याचं कामच ते. पण अनुजाला पहिल्यांदाच सगळं कळलं. म्हणाली, आई, तू कुणाचंही नाव सांगून राहत होतीस? आणि खून केलेल्याच्या घरात? बाबांच्या छातीत स्टेंट आहे! रडली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तक्रार ती तक्रार. अट ती अट. ह्यांनी एवढंच म्हटलं, येतो उद्या. मीही भांडले नाही. सुट्टे नाहीत म्हणून मी माणसं खाली उतरवली आहेत, नियम म्हणून. आता माझ्यावर आलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

घरी. आणि गंमत बघा — घरी गाडी लावायला जागा नाही! सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसत नाही, रस्त्यावर लावली तर समोरच्यांचं गेट अडतं. शेवटी वॉचमन गैबीमामांनी बाहेरच्या भिंतीकडेला दगड हलवून जागा करून दिली. म्हणाले, ताई, तुमी तर आमचंच पावणं!

२१ जानेवारी, मंगळवार

अबुजर येऊन गाडी बघून गेला. गाडीपेक्षा ह्यांच्याकडंच जास्त बघत होता. म्हणाला, काका, पलंग काढायचा न्हाई मी, देग ठेवायला तसाच ठेवतो. ह्यांनी त्याला एकेक स्क्रू दाखवला. पुढच्या गुरुवारी न्यायचं ठरलं.

हे आता टीव्ही बघतात. मोठा आवाज लावून.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज गुंडूच्या भेटीचा दिवस, बयाबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या. काल संध्याकाळी मी गेटवर वाट बघितली. आले नाहीत. सकाळी डबा बांधला आणि जेलच्या रस्त्याला गेले. भेटीला आलेली माणसं बाहेर झाडाखाली बसलेली. लांबलांबनं आलेली, बहुतेक म्हातारी. कुणी खाली बघत होतं, कुणी झोपलेलं. त्यातच आकारामदादा आणि बयाबाई. रात्र बाकड्यावरच काढली होती, तोंडावरनं कळत होतं.

मी चिडलेच. म्हटलं, का आला नाहीसा? आकारामदादा म्हणाले, कसं यावं? आमच्यापायी तुमच्या लेकीला फोन गेला. तुमची गाडी गेली. गावात सगळं कळतंय की.

मग माझा तोल गेला. कंडक्टरचा गळा, दाबला तरी दबत नाही. शेवटच्या सीटला ऐकू जाईल असं म्हटलं, "गाडी गेली तर गेली, घर हाय न्हवं? त्या बाकड्यावर परत बसायचं न्हाई. ह्या रस्त्याच्या टोकाला आमची सोसायटी, सरळ गेटवर यायचं आणि म्हणायचं, पूर्णिमा कंडक्टरचं पावणं हाय. कोण अडवतंय बघते!"

झाडाखालची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. झोपलेलं एक उठून बसलं. मी डबा बयाबाईंच्या मांडीवर ठेवला आणि आले निघून. मागं वळून बघितलं नाही, डोळ्यात पाणी होतं.

येणार नाहीत ते. मानी माणसं.

२६ जानेवारी, रविवार

अनुजा जेवायला होती. मी तिला संक्रांतीच्या सकाळचं सगळं सांगितलं. आकारामदादा काय म्हणाले तेही. 'आणि मी न्हाई म्हणू व्हय?' तिनं ऐकलं. उठून ताटं घासली. कधी घासत नाही.

मग जाताना म्हणाली, लहानपणी मी झोपाळ्यावर बस-बस खेळायचे तेव्हा तू दोन टाळ्या वाजवल्याशिवाय झोपाळा सोडायची नाहीस. मी म्हटलं, मग! नियम म्हणजे नियम.

२८ जानेवारी, मंगळवार

गाडी रिकामी केली. पलंगाखाली बयाबाईंचे तांदूळ सापडले. भात लावला. ह्यांनी दोनदा मागून घेतला.

३० जानेवारी, गुरुवार

अबुजर गाडीत बसला. सुरू केली. पण हलवेना. खिडकीतनं म्हणाला, काकी, दोन थापा मारा की. माझा हात उठला नाही. हे तिकडं तोंड करून उभे. अनुजा माझ्याशेजारी.

तेवढ्यात गेटवरनं गैबीमामांची हाक. "ताई, दोन म्हातारी माणसं आल्यात. कुणाचं पावणं इच्यारलं तर पूर्णिमा कंडक्टरचं म्हणत्यात!"

धावत गेले. आकारामदादा नव्हते. बयाबाईही नव्हत्या. कधीच न बघितलेली दोन माणसं. म्हाताऱ्याच्या हातात कापडी पिशवी, म्हातारी त्याच्या मागं लपल्यासारखी उभी. उद्या शुक्रवार, जेलच्या भेटीचा दिवस. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचं तोंडच उतरलं. चोरी पकडल्यासारखं.

अनुजा मागनं आली होती. हळूच म्हणाली, आई, कोण आहेत हे?

मी गेटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आलासा व्हय? लई उशीर केलासा!"

अनुजा माझ्याकडं बघत राहिली. मग वळली, गाडीपाशी गेली आणि पत्र्यावर थाप मारली.

एकच.